सगुणाबाईच्या नावाची कोळंबी

शिंगाडे सरांच्या वैशालीचा फोन आला तेव्हा मी ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसलो होतो. चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सकाळी उठून चार पेन्सिली तासल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. असं कुणी म्हणतं का? जिवाभावाचा माणूस गेल्याचं कळतं आणि तोंडातून 'बरं' निघतं. फोन ठेवल्यावर जे पहिलं मनात आलं ते दुःखही नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण आता लाज राखून तरी काय करायचंय... मनात आलं, की सांगायचं राहिलं होतं ते आता कायमचंच राहिलं.

प्राध्यापक कोंडिराम शिंगाडे गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात आली. दोन बोटं जागा. विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, प्राणिशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख, पश्चात पत्नी आणि एक मुलगी. हे सगळं खरं आहे. पण ज्या एका कामासाठी हा माणूस जगला आणि ज्या एका कामापायी आतून मोडला, त्याचा त्यात शब्द नव्हता. पेपरवाल्यांना तरी कसं कळावं? ते काम कुठं छापलंच गेलं नाही. का छापलं गेलं नाही, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. आज सात आठवडे झाले. तेव्हा हा लेख नुसता आठवणींचा समजू नका. मी काय करून बसलो ते सांगायला बसलोय.

शिंगाडे सर पिशोरकडचे, धनगराच्या घरातले. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली जन्म, तारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या पोरांना देतात तीच एक जून देऊन टाकली. बाप लवकर गेला. आई, सगुणाबाई, हिनं मेंढरं राखून आणि लोकांच्या वावरात राबून यांना शिकवलं. सर सांगायचे की चिखलातला खुराचा ठसा बघून आई सांगायची, मेंढरू कुणाचं, कधी गेलं, लंगडत होतं का. अक्षरओळख नव्हती तिला. पण बघणं काय असतं ते मी आईकडून शिकलो, असं ते वर्गातसुद्धा सांगत. आणि हा असा डोंगराच्या कडेचा माणूस, ज्यानं विशीपर्यंत हर्सूलच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तो आयुष्यभर समुद्राच्या गाळात बिळं करून राहणाऱ्या कोळंबीच्या मागं लागला. शहरात सगळे त्यांना झिंगेसर म्हणायचे. "सर, औरंगाबादेत समुद्र कधी आणताय?" असं कुणी ना कुणी रोज विचारायचंच. ते म्हणायचे, "पैठणहून नळ टाकायचं चाललंय."

त्याची गोष्ट अशी. एम.एस्सी.ला असताना कॉलेजची सहल कोकणात गेली. बाकीची पोरं पाण्यात पळाली आणि हे ओहोटीच्या चिखलात उकिडवे बसून राहिले, कारण त्या चिखलावर बोटभर रुंदीची शेकडो भोकं होती. मेंढक्याच्या पोराला बीळ दिसलं की आत कोण आहे ते बघितल्याशिवाय चैन कुठली? त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, काहीच लागलं नाही. मग एका कोळ्यानं फावड्यानं खणून दाखवलं. बोटाएवढी कोळंबी, अंगाला रंग म्हणून नाही, पाठीतून आतलं आतडं दिसावं इतकी नितळ. एक नांगी अंगाला न शोभेल एवढी मोठी, दुसरी बारकी. इंग्रजीत तिला भुताची कोळंबी म्हणतात, कारण ती सहसा कुणाला दिसत नाही. सारा जन्म जमिनीखाली. "मास्तर," सर मला म्हणाले होते, "मला वाटलं, ही आपल्याच लोकांपैकी हाय."

आमची ओळख झाली ती एका हातावरून. आमच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं आणि त्यात मी अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राची नक्कल लावली होती. मी मूळचा बिडकीनचा, सुताराच्या घरातला, पण चित्रकला शिकलो ती अजिंठ्याच्या लेण्यात, मांडीवर फळी घेऊन. आम्हाला शिकवणाऱ्या गुरुजींचा एकच धडा होता. भिंतीचा गिलावा जिथं गळून पडलाय तिथं थांबायचं नाही; रेष कुठून आली आणि कुठं चालली होती ते ओळखायचं आणि पुरी करायची. खड्डे काय काढायचे, ते तर कुणालाही येतील. मी त्यात तरबेज होतो. तुटलेली बोटं, गळालेले ओठ, अर्धा मोर, काय म्हणाल ते पुरं करून द्यायचो, आणि मूळ कुठं संपलं आणि मी कुठं सुरू झालो ते कुणाला ओळखू यायचं नाही. त्या चित्रापुढं एक काळासावळा, जाड चष्म्याचा माणूस बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, "हा उजवा हात मुळात हाय का? मी मागल्या महिन्यात गेलो होतो, तिथं तर पापुद्रा निघालाय." मी छाती पुढं काढून म्हणालो, "नाय. तो मी पुरा केला." तो हसला. "लई सुंदर केलाय. पण माझ्याकडं असं चालणार नाही हां." आणि मग, मी त्याच्याकडं येणार हे जणू ठरलेलंच असल्यासारखं, कधीपासून येता म्हणून विचारलं.

मी गेलो. पुढची पंधरा-सोळा वर्षं शाळा सुटली की सायकल थेट त्यांच्या प्रयोगशाळेकडं वळायची. तिथं सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला होता. एका डोळ्यानं त्यात बघितलं की खालचा प्राणी आणि आपल्या हातातली पेन्सिल, दोन्ही एकाच कागदावर दिसायची. म्हणजे प्राणी नुसता गिरवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिले सहा महिने माझी मान धरली होती. सरांचे नियम कडक. सावली द्यायची ती ठिपक्यांनी, बोटानं पेन्सिल पुसायची नाही. दोन केस असतील तर दोनच, शोभेसाठी तिसरा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: नमुन्याचं अंग जिथं तुटलंय तिथं तुटक रेष. "म्हणजे बघणाऱ्याला कळतं, की इथं आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला ठाऊक नाही हे सांगणं म्हणजेच आमचं शास्त्र, मास्तर." मला तेव्हा हा माणूस कोरडा वाटायचा. पण कोरडा नव्हता. काम झालं की डबा उघडायचा, कमलवहिनींची बाजरीची भाकरी आणि ठेचा अर्धा अर्धा करायचा, आणि मग बाईंनी मेंढराचा कान बघून धनी कसा ओळखला वगैरे गोष्टी निघायच्या. बाई म्हणजे आई. ते आईला बाईच म्हणायचे. माझ्या घरात तेव्हा बरं चाललं नव्हतं, बायको सारखी आजारी. त्या टेबलावरचा तो तासभर नसता तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक.

नवी प्रजाती म्हणजे काय, ते सरांनी मला एकदा साध्या भाषेत सांगितलं होतं. नवी जाती सापडली म्हणजे ओळखीच्या घरात एक नवं माणूस सापडलं. ते पुष्कळांना सापडतं. नवी प्रजाती मांडायची म्हणजे हे घराणंच वेगळं आहे असं म्हणायचं, आणि त्याला पुरावा लागतो, सगळं जग तो उलटसुलट करून बघतं. दिवाळीच्या सुट्टीत सर आणि त्यांचे दोन विद्यार्थी कोकणातल्या एका लहानशा खाडीवर जायचे. मीही एकदा गेलो. प्लास्टिकच्या पाइपात दट्ट्या बसवून सरांनी एक पंप बनवून घेतला होता. तो बिळावर ठेवून ओढायचा, आलेला गाळ चाळणीवर ओतायचा. मांडीपर्यंत चिखल, पाठीला उन्हाचा चटका, आणि दिवसभरात चार माद्या. तिसऱ्या दिवशी चाळणीत एक नर आला, मोठ्या नांगीसकट. सरांनी तो भिंगाखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, "मास्तर, ही शेपटी मी कुठंच वाचलेली नाही." चष्मा चिखलानं माखला होता, तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

असा नर पुन्हा मिळाला नाही. पुढं सलग तीन वर्षं सर त्या खाडीवर गेले. माद्या मिळायच्या, नर नाही. मग खाडीच्या तोंडाशी धक्क्याचं काम निघालं आणि तो चिखलच भरावाखाली गेला. म्हणजे जे काही होतं ते त्या एका बाटलीत होतं, स्पिरिटात. सरांनी नाव ठरवलं होतं. प्रजातीला आईचं नाव, सगुणिया. हे सांगताना ते लाजले होते, आणि शिंगाडे सर लाजलेले मी तेवढेच पाहिले. म्हणाले, "बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही. रेशनकार्डावर हाय ते पण चुकीचं. इथं एकदा लागलं की मग कुणाला खोडता येत नाही, मास्तर. जग असेपर्यंत." पिशोरला जाऊन त्यांनी आईलाही सांगितलं. मी बरोबर होतो. म्हातारी शेळीचं दूध काढत होती. तिनं विचारलं, "खातात का त्याला?" सर म्हणाले, "नाय बाई, आमिषाला लावतात." "मग काय कामाचं," म्हणाली आणि दूध काढत राहिली. पण आम्ही निघालो तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो: "समिंदरात माझ्या नावाचा किडा हाय म्हणं."

आता माझं सांगतो.

त्या नराच्या मोठ्या नांगीचं चित्र काढायला मला आठवडा लागला. स्पिरिटात ती अंगापासून सुटली होती, तसं या कोळंबीचं होतंच. नांगीच्या मांडीसारख्या भागाला खालच्या कडेला एक जागा मोडलेली होती. तिथं काहीतरी होतं आणि नाही, एवढंच कळत होतं. दोन बारीक खुंट उरले होते. मी नियमाप्रमाणं पेन्सिलीनं तुटक रेष काढली. सरांनी शनिवारी नमुना बांधला आणि कलकत्त्याच्या एका संग्रहालयाला पाठवला, कारण नमुना तिथं नोंदल्याशिवाय नाव मान्य होत नाही. रविवारी दुपारी मी घरी शाई भरायला बसलो. इतकं सुंदर चित्र माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. सगळी नांगी कशी बैलाच्या मानेसारखी भरदार, आणि मधेच ती तुटक रेष. पायजम्याला ठिगळ लावावं तशी. मी तिच्याकडं बघत बसलो. दोन खुंट होते, म्हणजे दुहेरी आकडा असणार. रेष कुठून आली आणि कुठं चालली होती ते मला दिसत होतं. अजिंठ्यात हजारदा दिसलं होतं. मी टाक बुडवला आणि दोन टोकांचा, बाकदार आकडा सलग रेषेनं पुरा केला. दोन मिनिटांचं काम. हात चुकून गेला असं म्हणायला जागा नाही. मला ठाऊक होतं मी काय करतोय. मला फक्त ते चित्र चांगलं दिसायला हवं होतं.

सोमवारी सरांनी ते चित्र खिडकीपाशी नेलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांचा त्रास सुरू झालेला होता, सूक्ष्मदर्शकात फार वेळ बघवायचं नाही, आणि नमुना तर कलकत्त्याच्या वाटेला लागलेला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "मास्तर, हा आकडा माझ्या नजरेतून सुटला होता. मी कड खराब हाय एवढंच लिहिलंय. तुमच्या डोळ्याला दिसला बघा." आता सांगा, तेव्हा मला किती शब्द लागले असते? 'नाय सर, तो मी पुरा केला.' हेच मी त्यांना पहिल्या भेटीत छाती काढून सांगितलं होतं. त्या दिवशी जमलं नाही. ते माझ्याकडं अशा कौतुकानं बघत होते की... मी मान खाली घातली. त्यांना वाटलं विनय आहे. त्या आठवड्यात त्यांनी निबंध पुरा केला, आणि नव्या घराण्याची पहिली खूण म्हणून दुहेरी आकडा लिहिला. शेपटी आणि तोंडाजवळच्या पायांचा आकार, ज्यामुळं खाडीवर त्यांना चष्मा पुसायचंही भान राहिलं नव्हतं, ते दुसऱ्या परिच्छेदात गेलं.

आठ-नऊ महिन्यांनी उत्तर आलं. निबंध ज्या परदेशी तज्ज्ञाकडं तपासायला गेला होता, त्यानं कलकत्त्याहून नमुना मागवून बघितला होता. सर ते पत्र घेऊन माझ्या शाळेत आले, मधल्या सुट्टीत. मला पिंपळाच्या पारावर बसवून त्यांनी ते मराठीत सांगितलं. चित्रात जो अवयव दाखवला आहे तो नमुन्यात नाही. कड मोडलेली आहे, त्यापलीकडं काही सांगता येत नाही. लेखकानं जे पाहिलं नाही त्याचं वर्णन केलेलं आहे. सरांचा आवाज अगदी सपाट होता. मी म्हणालो, "मग सर, आकडा काढून टाका न् पुन्हा पाठवा. बाकीचं तर खरंच हाय ना?" ते म्हणाले, "बाकीचंही मीच पाहिलंय, मास्तर. जो माणूस नसलेला आकडा बघून चार ओळी लिहितो, त्याच्या बाकीच्या बघण्यावर कुणी का विश्वास ठेवावा? मीच ठेवत नाही." मी म्हणालो, "चित्र तर माझं होतं." एवढं म्हणालो मी. एवढंच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही चित्रकार. तपासणं माझं काम होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो. सातवीच्या मुलींना फुलदाणी काढायला सांगितली.

त्यांनी निबंध परत मागवला. एका पानाचं पत्र लिहिलं, मला दाखवलं. चूक संपूर्णपणे माझी आहे, असं त्यात होतं. त्यानंतर त्यांनी एक ओळ छापायला पाठवली नाही. शिकवत राहिले, झकास शिकवायचे, पोरं जीव टाकायची. पण संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन कुठली तरी बाटली काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, बघायचे, डोळे चोळायचे, पुन्हा बघायचे आणि बाटली जागेवर ठेवून द्यायचे. मला विचारायचे, "मास्तर, इथं मला दोन काटे दिसतायत. तुम्हाला किती दिसतात?" दोनच असायचे. "नक्की ना?" हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. दर वेळी वाटायचं आज सांगावं. मग वाटायचं, इतके दिवस का नाही सांगितलं असं विचारलं तर? जितका उशीर झाला तितकं ते सांगणं जड होत गेलं, आणि मी मुळातच भित्रा. तो पंप वहिनींनी घरी नेला. कूलरमधलं तळाचं पाणी उपसायला बरा पडतो म्हणाल्या.

सगुणाबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. सरांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. अंत्यविधीला गेलो तर पिशोरची कुणी म्हातारी हेल काढून रडत म्हणत होती की हिच्या नावाचा किडा हाय गं समिंदरात, सरकारनं लिहून ठेवलाय. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला आणि पुन्हा घातला. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

आणि मग, सर निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, एक जुना विद्यार्थी परदेशातून आला आणि त्यानं छापील कागदांचा एक गठ्ठा त्यांना दिला. तिकडच्या दोघा तिघांनी आपल्याच किनाऱ्यावर, जरा खालच्या अंगाला, तीच कोळंबी शोधली होती. नर भरपूर मिळाले होते. त्यांनी नवी प्रजाती मांडली होती, नाव दिलं होतं, ते जगानं मान्य केलं होतं. खुणा कुठल्या? शेपटी आणि तोंडाजवळचे पाय. सरांचा दुसरा परिच्छेद. नांगीच्या खालच्या कडेला त्यांच्या चित्रात एक साधा, रुंद बुडाचा बोथट दात होता, आकडा बिकडा काही नाही; माझे दोन खुंट म्हणजे त्याच्याच मोडक्या कडा. सर ते कागद घेऊन रिक्षानं माझ्या घरी आले. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. ते आनंदात होते हो. बोटानं ओळी दाखवत होते, "बघा, हेच मी म्हणत होतो. बरोबर हाय. लई नीट काम केलंय पोरांनी." मग थोडं थांबून, "म्हणजे शेपटी मला खरंच दिसली होती." तेवढं कळायला त्यांना इतकी वर्षं लागली. माझी बायको चहा घेऊन आली, मी तिच्या हातातून कप घेऊन सरांपुढं ठेवला. तेव्हाही मी सांगितलं नाही.

शेवटची भेट ते जायच्या पंधरा दिवस आधीची. त्यांच्या हर्सूलच्या घरी. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते, आणि किडन्याही थकल्या होत्या. मी घरून ठरवून निघालो होतो, वाटेत रिक्षात वाक्य पाठ करत होतो. सरांनी आवाजावरून ओळखलं. खोलीत खुर्ची सरकवायला सांगितली, आणि उशाजवळची बाटली माझ्या हातात दिली. त्या खाडीवरची एक मादी, एवढीच त्यांनी कॉलेजातून घरी आणली होती. "मास्तर, बघा जरा. अजून हाय ना शाबूत?" मी उजेडात धरली. स्पिरिट पिवळं पडलं होतं, आणि ती तळाशी पडली होती, दोन पाय सुटलेले. मी ते तसंच सांगितलं. "दोन पाय सुटलेत, सर." ते हसले. "तुम्ही कधी खोटं सांगत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो." मी बाटली पुन्हा उशाजवळ ठेवली; पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं. वहिनी औषध घेऊन आल्या. मी म्हणालो, पुढल्या खेपेला निवांत बसू.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावून घेतलं. खोली आवरलेली होती, पलंग उभा करून ठेवलेला. भिंतीवर सरांचा फोटो, हार घातलेला, आणि त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत ते चित्र. मोठी नांगी. दुहेरी आकडा. वैशाली म्हणाली, "बाबांच्या फायलीत होतं. त्यांना फार आवडायचं. म्हणायचे, चूक माझी झाली, पण मास्तरांची रेष बघ. म्हणून फ्रेम करून घेतलं. काका, खाली सही करता का? तेवढी राहिलीय." आणि पेन पुढं केलं. मी ते चित्र जवळ जाऊन पाहिलं. सरांची कुठं बारीकशी पेन्सिलीची खूण आहे का, एखादं प्रश्नचिन्ह, कधी तरी शंका आल्याचं काहीतरी. मी फार आशेनं शोधलं. काही नव्हतं. त्यांनी माझ्यावर कधी संशयच घेतला नव्हता.

मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. तो रविवार, तुटक रेष, टाक. वैशाली मधेच उठून बाहेर गेली. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला हाकलून देतील. दोन्ही केलं नाही. पदर सावरून म्हणाल्या, "भाऊजी, हा माणूस रोज सकाळी उठून आधी आरशापुढं जायचा न् पापण्या ताणून आपले डोळे बघायचा. मला म्हणायचा, कमळे, माझ्या डोळ्यात मुळातच खोट हाय, बाईचे डोळे मला नाय आले. दिसत होतं तेव्हापासून म्हणायचा." मी म्हणालो, "वहिनी, ते चित्र उतरवतो, घेऊन जातो." त्या म्हणाल्या, "नाय. राहू द्या तिथंच. त्यांनी मरेपर्यंत जपलंय ते. तुम्ही येऊन बघत जा."

तेव्हापासून मी दर गुरुवारी हर्सूलला जातो. वहिनी दार उघडतात, बोलत नाहीत, चहा मात्र ठेवतात. खोलीत खुर्ची असते, त्या चित्रासमोर. खाली सहीची जागा अजून कोरी आहे. मी बसतो आणि बघतो... आकडा खरंच फार सुंदर निघालाय. चहा संपला की कप मोरीत विसळून ठेवतो आणि परत येतो.